एका कोयत्यात माणसं किती?

समाजशास्त्रात एम.ए. करतेय म्हटलं की आमच्या बीडकडे पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे एमएसडब्ल्यू का?" नाही म्हटलं की दुसरा, "मग यूपीएससीला बसणार असशील." त्यालाही नाही म्हटलं की समोरचा काळजीत पडायचा. त्याचं तरी काय चुकत होतं? पुण्याला आमच्या वर्गातले निम्मे जण खरोखरच स्पर्धा परीक्षेच्या नादाने आले होते. समाजशास्त्र 'स्कोरिंग' आहे अशी ख्याती होती, शिवाय विद्यापीठात नाव असलं की अभ्यासिकेत बसायला जागा मिळायची. काहींना सेट-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा काढून कुठेतरी चिकटायचं होतं. उरलो आम्ही दोन-चार जणी, ज्यांना बी.ए.ला हा विषय आवडला होता. बाकी कारण काही नव्हतं.

मार्क्स, वेबर, दुर्खीम यांची कोणाला भीती वाटायची नाही. कोणीतरी मराठीत नोट्स काढलेल्या असायच्याच. धास्ती असायची ती संशोधन पद्धतींच्या पेपरची. त्यात आकडे होते, काय-वर्ग नावाची संख्याशास्त्रीय चाचणी होती, नमुना निवडीचे प्रकार होते आणि व्याख्यांचा डोंगर. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्या पेपरचा गठ्ठा बाइंडिंग करून तयार मिळायचा. त्यात 'विश्लेषणाचे एकक' या मथळ्याखाली जेमतेम अडीच ओळी होत्या: व्यक्ती, कुटुंब, गट, संस्था, गाव यांपैकी ज्याच्याविषयी माहिती गोळा करून निष्कर्ष काढायचा ते एकक. झालं. पाठ करायला सोपं, पेपरात टिपा लिहा म्हणून आलं तर मार्क खिशात.

मला आता वाटतं, तो अख्खा पेपर या अडीच ओळींवरच असायला हवा होता. प्रश्नावली कशी करायची, नमुना केवढा घ्यायचा, एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय दाबायचं, हे सगळं नंतरचं. एक म्हणजे काय, हे आधी ठरतं. आणि ते बहुतेक वेळा आपण ठरवत नाही. आपण पोचायच्या आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेलं असतं.

तेव्हा मी पिंपळे सौदागरला पीजी म्हणून राहायचे. उंच इमारत, एका खोलीत तीन मुली, खाली मोमोची गाडी. एक दिवस ग्रंथालयात हॅरॉल्ड मान यांचं दख्खनमधल्या एका खेड्यातल्या जमिनीवर आणि मजुरीवर लिहिलेलं १९१७ सालचं पुस्तक हाती लागलं. उघडून बघते तर अभ्यासाचं गाव पिंपळे सौदागर! मान हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन हे गाव शेतन् शेत मोजलं होतं. १७७१ साली तिथलं सरासरी खातं ४० एकरांचं होतं आणि १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आलं, हा त्यातला आकडा पुढे अर्थशास्त्राच्या कितीतरी पुस्तकांतून फिरला. मला मात्र दुसऱ्याच गोष्टीने धरून ठेवलं. जमीन मोजून मान थांबले नाहीत. त्यांनी कुटुंबांचा वर्षाचा जमाखर्च मांडला आणि तीन गट पाडले. शेतीवर भागतं ते, बाहेरच्या मजुरीची भर घातल्यावर भागतं ते, आणि तरीही भागत नाही ते. नुसती खाती मोजली असती तर ते गाव शेतकऱ्यांचं दिसलं असतं. कुटुंबाचा जमाखर्च धरल्यावर त्याच गावात मजूर दिसायला लागले. माणसं तीच, गाव तेच.

(पीजीच्या मालकांना मी हे उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "चाळीस एकर? कोणाची?" त्यांचा रस वेगळा होता.)

दुसरं पुस्तक आय. पी. देसाई यांचं. देसाई हे घुर्यांचे विद्यार्थी. गो. स. घुर्ये मूळचे मालवणचे, १९२४ पासून पस्तीसेक वर्षं मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी चालवला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई ही सगळी त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी. आय. पी. देसायांनी सौराष्ट्रातल्या महुवा या छोट्या शहरातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९६४ साली पुस्तकरूपाने आला. एकत्र कुटुंब मोडलं, मोडतंय अशी हाकाटी तेव्हाही होतीच. देसायांचं म्हणणं असं की एका छपराखाली कोण राहतं एवढंच पाहिलं तर घरं विभक्त दिसणारच. मालमत्ता कशी आहे, कमाई कुठे जाते, अडीअडचणीला कोण कोणासाठी उभं राहतं हे पाहा. तीच विभक्त घरं कमीअधिक प्रमाणात एकत्र निघतात. हे वाचून मला आमच्या घरातल्या तीन चुली आठवल्या. काकांनी चूल वेगळी केली ती रेशनकार्डासाठी. जेवायला ते आमच्याकडेच असायचे.

अभ्यासक्रमात शेवटच्या सत्राला प्रबंधिका होती. मी ऊसतोड कामगारांची कुटुंबं हा विषय घेतला. आमच्या गावातून दर दसरा-दिवाळीला निम्मी वस्ती ट्रकांत बसून जायची आणि पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की, उन्हाळ्यात परत यायची. ओळखीचं वाटत होतं म्हणून विषय घेतला. सिनॉप्सिस दाखवला तेव्हा मार्गदर्शक मॅडमनी एकच विचारलं, "एकक काय धरणार?" मी म्हटलं, कुटुंब. त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "जा, बघू या काय होतंय."

फिल्ड सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या परिसरात. उसाच्या रानालगत मोकळ्या जागेत खोपी, पाचटाच्या नि प्लॅस्टिकच्या, माणूस वाकूनच आत जाईल अशा. संध्याकाळी गेलं तरच माणसं भेटायची, कारण पहाटे तीनलाच फडाकडे, म्हणजे तोडणीच्या रानाकडे, निघायचं असे. परतताना बायकांच्या डोक्यावर वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे. ते गावातल्या शेतकऱ्यांना चाऱ्यासाठी विकून मीठ-मिरचीचे पैसे सुटायचे. हे पैसे कुठल्याच हिशेबात नसत, आणि बायकांच्या हाती येणारी तेवढीच रोकड.

पहिली गाठ मुकादमाशी, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्या ठेकेदाराशी. त्याला ओलांडून खोपीत जाता येत नाही. माझ्या हातात विद्यापीठाच्या पद्धतीचं संमतीपत्र होतं: मला संशोधनाचा हेतू समजावून सांगितला आहे, मी स्वखुशीने माहिती देत आहे, खाली सही किंवा अंगठा. मुकादमाने ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि टोळीकडे बघून म्हणाला, "पोरगी आपल्याकडचीच हाय. विचारू द्या काय विचारायचं ते." त्याच्या लेखी संमती झाली. सगळ्यांची, एका वाक्यात.

एका बाईंपुढे कागद धरला तर त्या चक्क मागे सरकल्या. त्यांच्या नवऱ्याने आधीच्या हंगामात उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेताना कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही केली होती. उचल फिटली नाही, बाकी राहिली, ती फेडायलाच यंदा आले होते. सही मागणारा कागद त्यांच्या ओळखीचा होता तो असा. आता मी त्यांना 'तुमचे हक्क सुरक्षित राहावेत म्हणून' सही मागत होते. नीतिमत्तेच्या त्या सगळ्या चौकटीत असं गृहीत आहे की माणूस एकटा असतो, त्याला वाचता येतं, त्याला नाही म्हणता येतं आणि कागदाचा त्याला धाक नसतो. खोपीवर यातलं एकही खरं नव्हतं. मी कागद पिशवीत ठेवला, तोंडी विचारलं आणि मुकादम फडावर असताना पुन्हा विचारलं. दोन बायका तेव्हा नको म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनीच मान डोलावली होती.

मग प्रश्नावली. पहिल्या पानावरचा साधा प्रश्न: कुटुंबात एकूण सदस्य किती? भाकरी थापत असलेल्या मावशींनी हात न थांबवता उलट मलाच विचारलं, "हितली सांगू का गावाकडली?"

हितं चौघं होती. नवरा-बायको, एक अंगावरचं लेकरू, एक पाच वर्षांचा. गावाकडे सासू-सासरे आणि दोन शाळेतल्या मुली. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं, त्यात त्यांची जेवणाची सोय होती, झोपायला आजीकडे. मी विचारलं, म्हणजे चुली दोन ना? त्या म्हणाल्या, "चुली दोन. पर ही जवारी म्हातारीनं काढलेली. पोतं गावाकडनंच आणलंय." उचलीतून गावाकडचं किराणा-दवाखान्याचं भागत होतं आणि गावाकडच्या ज्वारीवर इथलं. मावशींना ही दोन घरं वाटत नव्हती आणि एकही वाटत नव्हतं. कोण विचारतंय त्याप्रमाणे त्या उत्तर द्यायच्या. शाळेत एक, रेशनला एक, कारखान्याच्या माणसाला तिसरंच.

सरकारी व्याख्येत कुटुंब म्हणजे एकत्र राहून एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. जनगणनेत हेच, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणातही साधारण हेच. त्यात सहा महिन्यांची एक रेघ असते. २००७-०८ च्या सर्वेक्षणात अल्पकालीन स्थलांतरित कोणाला म्हणायचं, तर कामासाठी वर्षभरात एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्याला. आता साखर हंगाम किती चालतो? ऊस कमी असेल तर चार महिने, भरपूर असेल तर सहा-साडेसहा. म्हणजे पाऊस बरा झाला, ऊस वाढला, की तीच मावशी त्या व्याख्येतून बाहेर. तिच्या आयुष्यात फरक एवढाच की खोपीत उन्हाचे आणखी काही आठवडे काढावे लागले. दिल्लीत बसून कोणीतरी रेघ ओढणारच, रेघेशिवाय मोजता येत नाही, हे मला मान्य आहे. पण ती रेघ उसाच्या बरोबर गळ्याशी आलेली आहे, हे बघायला फडावर जावं लागतं.

कारखान्याकडे मात्र असला कसलाही गोंधळ नव्हता. त्यांचं एकक पक्कं आहे: कोयता. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, मजुरी टनावर, वहीत नाव नवऱ्याचं. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. नवरा तोडतो, बायको तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, आणि हे सगळं मिळून एक. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. पेपरात बातमी आली तेव्हा मला कोणीतरी आनंदाने फोन केला. मी विचारलं, त्यातले बाईचे किती? याला उत्तर नाही. दर बाईला नसतोच, बुवालाही नसतो. दर कोयत्याला असतो.

इथपर्यंत मला वाटत होतं की हा मोजण्याचा प्रश्न आहे. व्याख्या सुधारली, रकाने वाढवले की बाई दिसेल. तसं होतंही. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घर न धरता माणूस धरला, पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतले, तर बिनमोल घरकामात असलेल्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाले आणि तसं काम करणाऱ्या पुरुषांचे ९७. एकक बदलल्याबरोबर पाच तास उजेडात आले.

पण कोयत्याचं तसं नाही. कोयता नुसता मोजत नाही, तो घडवतो. टोळीत एक मुलगा होता, मिसरूड फुटलेला, आणि त्याची बायको त्याहून लहान. घरच्यांनी लग्न लावलं ते हंगामाच्या तोंडावर. अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी, आणि मुकादम घ्यायलाही नाखूश. पूर्ण कोयता झाला की रक्कम दुप्पट. शेजारच्या खोपीत एक विधवा होती, ती भावाबरोबर आली होती, कारण एकट्या बाईला कोण कोयता देणार? तिचा भाऊ पुढच्या वर्षी लग्न करणार होता. मग ती कोणाबरोबर येणार, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. हिशेबाच्या सोयीसाठी ठरवलेलं एकक लग्नाचं वय ठरवत होतं आणि वैधव्याची किंमतही.

पुण्याला परत येऊन मी बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध पुन्हा काढला. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचलेला, जातींचा उगम आणि यंत्रणा यांवरचा. परीक्षेसाठी वाचला होता तेव्हा लक्षात राहिलं होतं ते 'अंतर्विवाह' एवढंच. आता वाचताना दिसलं की ते मुळात जोड्यांचं गणित मांडतायत. गटाबाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं की गटातले स्त्री-पुरुष बरोबरीत राहायला हवेत. जोडीतलं एक मेलं की उरलेलं माणूस शिल्लक, आणि या शिल्लक माणसाचं काय करायचं या प्रश्नातून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह येतात. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये बसून लिहिलेलं. आणि त्याच निबंधात म्हटलंय की एक जात अशी वस्तूच नसते, असतात त्या जाती, अनेकवचनात. म्हणजे एकटी जात उचलून तिचा अभ्यास करायला बसलात की तुमचं एकक तिथेच फसलं. आमच्या संशोधन पद्धतींच्या पेपरात हा निबंध नव्हता. तो 'भारतीय विचारवंत' या पेपरात होता. विद्यापीठांतली ही वाटणी कोणी केली देव जाणे. सिद्धान्त आणि पद्धत परदेशातून यायची, आणि आपल्याकडच्यांनी विचारवंत व्हायचं.

बाईला कोयत्यातून बाहेर काढून एकटीला मोजलं गेलं, तेही झालंय. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली गेली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. आता खाडा म्हणजे काय ते सांगायला हवं. जोडीतल्या एकाने दांडी मारली की कोयता बंद, आणि त्या दिवसाचा दंड हिशेबातून कापला जातो. पाळी आली, पोट दुखलं, अंगावरून गेलं, तरी खाडा तो खाडाच. ऑपरेशनला याखेरीज इतरही कारणं आहेत. खाजगी दवाखाने आहेत, घातलेली भीती आहे, लवकर झालेली बाळंतपणं आहेत. पण दंड जोडीला आणि दुखणं एकटीला, हे ज्या हिशेबात बसतं तो हिशेब समजल्याशिवाय तो १३,८६१ चा आकडा नुसता डॉक्टरांच्या माथी मारता येतो, आणि बऱ्याच जणांनी मारला.

प्रबंधिकेत मी शेवटी दोन तक्ते केले. एक खोपीतल्या चुलींचा, दुसरा गावाकडच्या घरांचा. दिवाळीपूर्वी आणि पट्टा पडल्यावर त्याच माणसांच्या गावी जाऊन आले. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली आणि विचारलं, "एन किती?" एन म्हणजे नमुन्यातल्या एककांची संख्या. मी म्हटलं, सर, कोयते धरले तर इतके, चुली धरल्या तर इतक्या, ज्वारी कुठून येते ते धरलं तर त्याहून कमी. ते म्हणाले, "असं नसतं. एन एकच असतो." मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या; मला वाटतं हसत असाव्यात. मार्क बरे पडले. परीक्षकांचंही म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं, कारण तक्त्याखाली एकच आकडा लिहायची जागा असते.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवते. संशोधन पद्धतींचा पेपर मुद्दाम मागून घेतला. तो दुसऱ्या कोणाला नकोच असतो. वर्गात काही जण जिल्हा परिषदेचे शिक्षक आहेत, नोकरी सांभाळून एम.ए. करणारे. येत्या जनगणनेत प्रगणक म्हणून त्यांचीच नावं लागणार. वेळापत्रक असं की घरयादी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, आणि माणसांची मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत, १ मार्चच्या मध्यरात्रीचा क्षण धरून. म्हणजे घरं मोजायची तेव्हा आमची माणसं गावात, आणि माणसं मोजायची तेव्हा फडावर. मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद तो सापडेल तिथे करायची, अशी आजवरची रीत आहे. मग बीडच्या गावात घराला कुलूप किंवा दारात म्हातारी, आणि सांगली-कोल्हापूरच्या प्रगणकाच्या यादीत त्या खोपीला नंबरच नाही, कारण घरयादीच्या वेळी तिथे रिकामं रान होतं. वर्गातल्या एका गुरुजींनी विचारलं, "मॅडम, म्हातारीनं सांगितलं की घरात आठ माणसं, तर मी आठ लिहायची का दोन?" मावशींचं घर धरलं तर नियमाप्रमाणे गावात सासू-सासरे नि दोन नाती. म्हणजे चार. मी तसं सांगितलं.

"आणि बाकीची चार तिकडं कोणी लिहिलीच नाहीत तर?" गुरुजी वही बंद करायला तयार नव्हते. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिचे आईवडील यंदाही कर्नाटकात तोडणीला गेलेत, ती म्हणाली की कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळ्यांची यादी असते, ती मागून घ्यायची. यादी असते हे खरंच आहे. फक्त ती कोयत्यांची असते.